टॉवेलाचं टोक

या, असे जवळ सरका. लांब बसलात तर नळाचं पाणीच तेवढं ऐकू येईल आणि गोष्ट त्याबरोबर वाहून जाईल. आज सांगणार आहे ती एका डोकी धुणाऱ्या बाईची गोष्ट. तिने लढाई मारली नाही, डोंगर उचलला नाही. एका कागदावर सही करायला ती नाही म्हणाली, एवढंच. पण "नाही" हा शब्द किती जड असतो, ते ज्याने जन्मभर "हो हो" म्हटलंय त्यालाच विचारा.

तर एक सलून होतं. पाच खुर्च्या, पाच आरसे, आणि मागे अर्ध्या भिंतीच्या आडोशाला एक बेसिन. खुर्च्यांवर उजेड, बेसिनवर ओल. त्या ओलीत आमची ही मावशी अकरा वर्षं उभी होती. वय बेचाळीस. सलूनमधल्या मुली तिला मावशी म्हणायच्या, ते ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि शेवटी तिच्याहून बारा वर्षांनी मोठा असलेला उस्तादही म्हणू लागला. उस्ताद म्हणजे पहिल्या खुर्चीचा कारागीर. शहाण्यासुरत्या बायका त्याच्यासाठी पंधरा-पंधरा दिवस थांबायच्या.

मावशीचं काम सगळ्यांना सोपं वाटायचं. मान मागे टेकवायची, पाणी कोमट करायचं, फेस काढायचा, टॉवेल गुंडाळून पुढे पाठवायचं. पण डोळे मिटून पडलेल्या माणसाचं डोकं दहा बोटांखाली आलं की तिला जे कळायचं, ते आरशालाही कळत नसे. भोवरा कुठे आहे, कपाळाशी केस कुठल्या दिशेला उसळतात, लहानपणी पडल्याची खूण टाळूवर कुठे लपलीय. ओले केस मोठे सोंगाडे असतात. पाणी आहे तोवर गरीब गाईसारखे पडून राहतात, वाळले की उठून बसतात. भोवऱ्याजवळ ओले केस आखूड कापले, तर घरी पोचेपर्यंत तिथे कोंबड्याचा तुरा तयार.

मग कापणाऱ्याला हे कळणार कसं? इथेच गंमत आहे. जुन्या मालकांचा दंडक होता की डोकं धुणारीने गिऱ्हाइकाच्या डोक्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. डोकं धुवायचं, डोकं चालवायचं नाही. म्हणून मावशीच्या आधी या बेसिनवर जी बाई होती, जिला सगळे आक्का म्हणत, तिने एक वाट काढली आणि मावशीलाही शिकवली. टॉवेल गुंडाळताना टोक डाव्या कानाशी खोचलं तर भोवरा डावीकडे. उजव्या कानाशी, तर उजवीकडे. टोक दुमडून खोचलं तर भोवरे दोन. मानेशी गाठ मारली तर टाळूवर खूण आहे, कंगवा जपून. उस्ताद टॉवेल सोडताना टोक बघायचा, अवाक्षर न बोलता तिथे अर्धा इंच जास्त ठेवायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "काय हात आहे हो! बोटांना डोळे आहेत तुमच्या." उस्ताद मिशीत हसायचा. भिंतीमागे मावशी पुढचं डोकं धुवायला घ्यायची.

असं अकरा वर्षं चाललं. मग आला आराखडा.

नवी मॅनेजरबाई तिशीची होती, मनाने चांगली, पण चांगुलपणाचे रकाने पाडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने ठरवलं, इथल्या प्रत्येकाचा वैयक्तिक विकास आराखडा करायचा. भिंतीवर कागद लागला आणि त्यावर पाच प्रश्न. आज कुठे आहात? पुढे कुठे जायचंय? त्यासाठी काय शिकायला हवं? कोण शिकवणार? कधीपर्यंत?

मावशीने ते वाचले आणि तिचे हात फेसातच थांबले. अकरा वर्षांत तिला दोनच गोष्टी विचारल्या गेल्या होत्या: पाणी कोमट आहे का, आणि टॉवेल वाळले का. "पुढे कुठे जायचंय" हे तिला आजवर फक्त बसच्या कंडक्टरने विचारलं होतं.

उत्तर मात्र तिच्याकडे तयार होतं. ॲप्रनच्या खिशात, कापडी म्यानात गुंडाळलेलं. तीन वर्षांपूर्वी घेतलेली कात्री. सलूनमध्ये ती म्यानाबाहेर कधी आली नव्हती.

सोमवारी तिची पाळी आली. केसांच्या रंगाच्या ट्यूबा ठेवायच्या खोलीत, दोन स्टुलांवर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बैठकीत मॅनेजरबाईने एक भरलेला कागद पुढे सरकवला.

"मी तुमचं काम सोपं करून ठेवलंय, मावशी. नुसती सही करा."

मावशी वाचू लागली. बलस्थानं: स्वच्छता, वेळ पाळणे, हसतमुख. पुढील पाच वर्षांतील ध्येय: बेसिन विभागप्रमुख.

"मॅडम," मावशी म्हणाली, "बेसिन विभागात मी एकटीच आहे. मी प्रमुख कोणाची होणार? नळाची?"

"पद महत्त्वाचं असतं, मावशी. बिल्ला मिळेल."

"बिल्ला नको. मला कात्री हवी."

मॅनेजरबाईने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मी उस्तादांना विचारलं होतं. ते म्हणाले, अकरा वर्षं पाण्यात राहिलेला हात. बोटं मऊ पडतात, पकड राहत नाही."

"माझ्या बोटांविषयी उस्तादांना विचारलंत. मला विचारलंत?"

बाईने पेन कागदावर ठेवलं. मग, खरं तर कानकोंडी होऊनच, तिने सांगितलं की शुक्रवारी सगळे आराखडे मालकीणबाईंकडे जायचे आहेत, आणि ज्याची सही नाही त्याचं नाव पुढच्या महिन्यापासून कामाच्या यादीत धरायचं नाही, असा वरून हुकूम आहे. "मी नाही केला हा नियम," ती म्हणाली.

"आणि हा कागद मी नाही भरला," मावशी म्हणाली. "मला कोरा द्या."

कोरा कागद घेऊन ती उठली. ओल्या चपलांचे ठसे खोलीभर उमटले. बाहेर उस्ताद दारालाच टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला धरतेस?" तो म्हणाला. "इथे सगळं सुरळीत चाललंय."

"मासे सुरळीतच असतात हो, उस्ताद. पाणी बदलायला मी असते ना."

घरी आल्यावर तिने सगळं सासूबाईंना सांगितलं. या सासूबाई म्हणजे तीन वर्षं तिची शाळा होत्या. दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, खांद्यावर जुनी चादर घेऊन बसायच्या आणि सून त्यांच्या डोक्यावर कात्री चालवायची. पहिल्या खेपेला शेजारीण म्हणाली होती, "अगं बाई, उंदरांनी कुरतडलं की काय?" त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "उंदीर घरचा आहे, तुला काय त्याचं!" कात्रीचं म्यानही त्यांनीच शिवलेलं.

"सही नाही केलीस ते झकास केलंस," त्या म्हणाल्या. "पण काम गेलं म्हणजे?"

"जाईल."

"तुझा नवरा आल्यावर त्याला काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं. त्यांचा पगार आहे, चार महिने ओढत काढू." मग ती म्हणाली, "आई, मला आक्का दिसते हो डोळ्यांपुढे."

सासूबाईंना आक्का माहीत होती. सव्वीस वर्षं बेसिनवर. शेवटी शेवटी हाताची कातडी अशी फाटायची की रात्री तेल चोळून फडकी बांधून झोपायची. आजारी पडली तेव्हा मावशी इस्पितळात भेटायला गेली. काय आणू, विचारलं. आक्का म्हणाली, "काही नको गं. सव्वीस वर्षं लोकांची डोकी धुतली. माझं कधी कुणी धुतलं नाही." तेव्हा मावशीने बादलीभर कोमट पाणी मागून घेतलं, खाटेच्या कडेला तिची मान हातावर घेतली आणि तिचं डोकं धुतलं. बोटं फिरता फिरता थांबली.

"आक्का, तुझा भोवरा डावीकडे आहे."

"हो? मला ठाऊकच नव्हतं," आक्का म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. आक्का नेहमी म्हणायची, देव डोकी घडवतो तेव्हा कुंभारासारखं चाक फिरवतो, आणि हात काढून घेताना त्याच्या बोटाचा जो वेढा राहतो तो भोवरा. देवाची सही आहे ती, तिच्याशी भांडू नये. आणि या बाईला सव्वीस वर्षांत स्वतःच्या डोक्यावरची ती सही कुणी दाखवली नव्हती. चौथ्या दिवशी ती गेली.

"तिला कुणी विचारलं असतं ना आई, पुढे कुठे जायचंय म्हणून," मावशी म्हणाली, "तर ती सांगू शकली असती. ती टॉवेलाने बोलत राहिली आणि नाव दुसऱ्याचं होत राहिलं. मी नाही बोलणार टॉवेलाने. उद्यापासून तोंडाने बोलणार."

"बोल," सासूबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. आणि हे मानेवरचे केस वाढलेत, तेवढे काप. परीक्षा जवळ आली, अभ्यास नको?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वकीलबाई आल्या. उस्तादच्या जुन्या गिऱ्हाईक. जीभ अशी की कायद्याचं पुस्तकही चार पावलं मागे सरकावं. आजवर त्यांचे केस खांद्याखाली होते. परवा त्यांची एका मोठ्या पदासाठी मुलाखत होती आणि त्यांनी ठरवलं होतं, आता आखूडच करायचे, कपाळावर बटा आणि मागे मोकळी मान.

मावशीने त्यांचं डोकं धुतलं. मागे टाळूवर एक भोवरा होता, नेहमीचा. पण कपाळाशी, उजवीकडे, केसांच्या मुळांतच दुसरा. लांब केसांत तो आपल्याच वजनाने दबून राहिला होता. आखूड कापल्यावर तो मोकळा सुटणार. मावशीने टॉवेल गुंडाळला. सवयीने बोटं टोक दुमडायला गेली. तिने ती थांबवली, टोक सरळ कपाळावर सपाट दाबलं आणि वकीलबाईंना हाताला धरून पहिल्या खुर्चीपर्यंत स्वतः घेऊन आली. हेही आजवर कधी झालं नव्हतं. अर्धी भिंत ओलांडून ती उजेडात आली.

उस्तादने टॉवेलाकडे पाहिलं. टोक सपाट. त्याने मावशीकडे पाहिलं.

"उस्ताद," ती साऱ्या सलूनला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाईंना दोन भोवरे आहेत. एक टाळूवर आणि एक इथे, कपाळाशी उजवीकडे. पुढच्या बटा ओल्या कापू नका. वाळवून कापा, आणि अर्धा इंच राखून."

तिसऱ्या खुर्चीवरचं केस वाळवायचं यंत्र बंद झालं. मॅनेजरबाई खोलीच्या दारात आली.

"दोन भोवरे?" वकीलबाई आरशातून म्हणाल्या. "म्हणजे दोन लग्नं म्हणतात ना? एकच झालंय आणि तेच पुरून उरलंय."

मुली हसल्या. उस्ताद हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. हीच गोष्ट टॉवेलाने सांगितली असती तर त्याने मुकाट्याने ऐकली असती, गेली कितीतरी वर्षं ऐकतच होता. पण चारचौघांत, बेसिनवालीच्या तोंडून?

"तीस वर्षं कापतोय," तो म्हणाला. "केस कसे कापायचे ते मला नळाने शिकवायचं?"

आणि त्याने बटा ओल्या ओढल्या, बोटांत धरल्या आणि कापल्या. सरळ, सुरेख, एका रेषेत. मग मागचं केलं. हात खरंच देखणा होता त्याचा, खोटं कशाला बोलू. शेवटी गरम हवा सोडली. एक मिनिट गेलं, दोन गेली. कपाळावरच्या उजवीकडच्या बटा हळूच मान वर करू लागल्या. उस्तादने कंगव्याने दाबल्या. कंगवा उचलला, त्या उठल्या. पाणी मारून दाबल्या. पुन्हा उठल्या.

"उस्ताद," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "हा माझ्या कपाळावर कोण उभा राहिलाय? साक्षीदार?"

कुणी हसलं नाही. उस्तादचा हात हवेत तसाच राहिला. कापलेला केस काही पुन्हा चिकटवता येत नाही, आणि हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"जिने आधी सांगितलं होतं," वकीलबाई म्हणाल्या, "तिलाच विचारा, आता काय करायचं."

"भोवऱ्याशी भांडायचं नाही," मावशी म्हणाली. "त्याच्या बाजूने भांग पाडायचा. तो जिकडे वळतो तिकडेच सगळं वळवायचं. डावीकडचं थोडं उतरवावं लागेल. दहा मिनिटं लागतील."

"मावशी, तुम्हाला परवानगी नाही," मॅनेजरबाई पुटपुटली. "तुमच्या आराखड्यात नाही ते."

मावशीने ओले हात ॲप्रनला पुसले. खिशातून म्यान काढलं, म्यानातून कात्री काढली. "माझा आराखडा अजून कोरा आहे, मॅडम. त्यात काय आहे आणि काय नाही, ते आत्ता कुणालाच सांगता यायचं नाही." मग ती खुर्चीकडे वळली. "बाई, तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. कात्री घरात चालवलीय, तीन वर्षं, एकाच डोक्यावर. सासूबाईंच्या."

"त्या अजून बोलतात तुमच्याशी?"

"बोलतात की. टोमणेसुद्धा मारतात."

"मग कापा," वकीलबाई म्हणाल्या आणि डोळे मिटले, जसे बेसिनवर मिटायच्या तसे.

मावशीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि त्याच्या मागोमाग आक्काचं. तिने उजवीकडून खोल भांग पाडला, उसळणाऱ्या बटा उसळतात त्याच दिशेला सोडल्या आणि डावीकडून, कोरड्या केसांवर, चिमटी-चिमटीने उतरवत आणलं. पकड सुटली नाही. दहा मिनिटं म्हणाली होती, पंचवीस लागली. एकदा कात्री जरा जास्त गेली, तेव्हा तिने "चुकलं" असं मोठ्याने म्हटलं आणि ते सावरून घेतलं. शेवटी तिने हात काढून घेतले. कपाळावर एक लाट आली होती. जिथे तुरा होता तिथूनच उठलेली, मुद्दाम केल्यासारखी.

वकीलबाईंनी डोळे उघडले. आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "उस्तादांइतकं सफाईदार नाही," त्या म्हणाल्या. "पण हे माझं डोकं आहे. मघाशी होतं ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं."

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट, झाला जयजयकार. छे. शुक्रवार अजून यायचा होता.

शुक्रवारी सकाळी ट्यूबांच्या खोलीत तिघंजण जमली. स्टुलं दोनच, म्हणून उस्ताद उभा. मॅनेजरबाईच्या मांडीवर उस्तादचा आराखडा होता. "काय शिकायला हवं?" या प्रश्नापुढे त्याने एकच शब्द लिहिला होता: "काही नाही."

"मला एक सांगा," बाई म्हणाली. "मी जुन्या नोंदी काढल्या. उस्तादांच्या हातून अशी चूक कधीच झालेली नाही. मग मंगळवारीच का?"

मावशीने उस्तादकडे पाहिलं. हे त्याने सांगायचं होतं.

मग उस्तादने टॉवेलाचं सगळं सांगितलं, डावा कान, उजवा कान, मानेशी गाठ. "आक्काने मला टॉवेल वाचायला शिकवलं," तो म्हणाला. "तिला कसं कळतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर लोकांना कळलं असतं, की बोटांना डोळे आहेत ते माझ्या नाहीत."

मॅनेजरबाईने मावशीचा पहिला, स्वतः भरलेला कागद काढला आणि फाडला. "स्वच्छता, हसतमुख," ती स्वतःशीच म्हणाली. "मी काय लिहून बसले होते!" मग तिने कोऱ्या कागदासाठी हात पुढे केला. मावशीने तो दिला नाही. तो आता कोरा नव्हता. तिच्या गोल, शाळकरी अक्षरात पाचही उत्तरं होती.

आज कुठे आहे: बेसिनवर. डोकी ओळखते. पुढे कुठे जायचंय: खुर्चीवर. काय शिकायला हवं: मागचा उतार, सफाई. कोण शिकवणार: उस्ताद. कधीपर्यंत: दर मंगळवारी दुपारी, तिसरी खुर्ची, सहा महिने.

"'पुढे बघू' असं कुठेही लिहायचं नाही, मॅडम," ती म्हणाली. "वार लिहिलाय, खुर्ची लिहिलीय. याच कागदावर मी सही करीन. विभागप्रमुख नको, बिल्ला नको."

"आणि मालकीणबाई नाही म्हणाल्या तर?"

"तर माझं नाव यादीतून काढा. कात्री माझ्या खिशातच राहील. गावात डोकी पुष्कळ आहेत."

मॅनेजरबाईने तो कागद उस्तादपुढे धरला. शिकवणाऱ्याची सही हवी होती. उस्तादने पेन घेतलं, पण सही आधी स्वतःच्या आराखड्यावर केली. "काही नाही" खोडलं आणि वर लिहिलं: डोकं धुणं. कोण शिकवणार, तिथे लिहिलं: मावशी.

"मंगळवार सकाळ चालेल?" त्याने विचारलं. अकरा वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"चालेल. नखं कापून या."

मालकीणबाईंनी मंजुरी दिली, पण कुरकुरत. सहा महिन्यांऐवजी तीनच. तिसऱ्या खुर्चीच्या आरशावर इतरांसारखी नावाची पाटी अजून लागलेली नाही. मावशी तिची वाट बघत नाही. दर मंगळवारी दुपारी ती अर्धी भिंत ओलांडते आणि कात्री काढते. आणि सकाळी उस्ताद बाह्या सरसावून बेसिनपाशी उभा असतो. पहिल्या मंगळवारी त्याने मावशीचंच डोकं धुतलं. बराच वेळ चाचपून म्हणाला, "सापडला! भोवरा, उजवीकडे!"

"ते टेंगूळ आहे," मावशी डोळे मिटून म्हणाली. "काल कपाटाचं दार लागलंय. पुन्हा शोधा."

आता उठण्याआधी एक मागणं मागतो, आणि ते मावशीसाठी नाही. ती स्वतःसाठी मागायला समर्थ आहे. पुढच्या वेळी कुणी कोमट पाण्याखाली तुमचं डोकं हातावर घेईल आणि तुम्ही डोळे मिटाल, तेव्हा क्षणभर त्या आक्काची आठवण काढा, जिला पाचातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. तिचा भोवरा डावीकडे होता. एवढं लक्षात ठेवा.